दोन पर्याय उरले की नेमका शब्द कसा निवडायचा?

तुम्ही लिहिलंय की रिकाम्या जागेच्या प्रश्नात दोन पर्याय लगेच बाद होतात, पण उरलेल्या दोनांत दर वेळी अडकायला होतं. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करूनही फरक पडलेला नाही. तर आता धातू (ज्यापासून शब्द तयार होतात ती संस्कृत क्रियापदांची मुळं) आणि उपसर्ग (त्यांच्याआधी लागणारे प्र, उप, सम् यांसारखे तुकडे) पाठ करावेत का, असा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की धातू जरूर शिका, पण शब्दाची निवड त्यांच्यावर सोपवू नका. निवड वाक्याकडून करून घ्यायची, आणि निवडलेला शब्द पडताळायला धातूकडे जायचं. हा क्रम उलटा झाला की माणूस अडकतो.

भाषेच्या प्रश्नपत्रिका काढायचं काम मी केलंय, म्हणून पलीकडच्या बाजूची गोष्ट सांगतो. चुकीचे पर्याय विचार करून ठेवलेले असतात. एक पर्याय योग्य उत्तराशी उच्चारानं मिळताजुळता असतो. एक त्याच विषयातला, पण या वाक्यात न बसणारा. आणि एक चक्क विरुद्ध अर्थाचा असतो, वाक्यातलं ‘नाही’ किंवा ‘नसून’ ज्याच्या नजरेतून निसटेल त्याच्यासाठी. पर्याय आधी वाचले की हे तिघे डोक्यात ठाण मांडतात आणि मग वाक्य त्यांच्या सोयीनं वाचलं जातं. म्हणून पर्याय हातानं झाका, वाक्य पूर्ण वाचा आणि रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घाला. तो भारदस्त नसला तरी चालेल, बोलण्यातला साधा शब्द पुरे.

उदाहरण घेऊ. ‘वर्षानुवर्षे त्या पुलाची ____ झाली, त्यामुळे आता त्याचे खांब खचले आहेत.’ पर्याय झाकलेले आहेत. ‘त्यामुळे’ सांगतं की पहिल्या भागात खांब खचायचं कारण दडलंय. ‘पुलाची’ आणि ‘झाली’ सांगतात की शब्द स्त्रीलिंगी हवा. म्हणजे ‘दुर्लक्ष’ मनात आलं तरी ते बसणार नाही. ते नपुंसकलिंगी आहे आणि त्याला ‘पुलाकडे’ लागतं. ‘हेळसांड’ बसतं. आता हात काढा: अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा. हेळसांडीच्या जवळचा शब्द उपेक्षा, झालं.

या चारही शब्दांचा धातू एकच आहे, ईक्ष्, म्हणजे पाहणे. समीक्षा म्हणजे नीट, सगळ्या बाजूंनी पाहणं. प्रतीक्षेत पाहणं कुणाच्या तरी दिशेनं आहे, आणि मराठीतही आपण ‘वाट पाहतो’च. इथवर धातू आणि उपसर्ग मिळून अर्थ छान उलगडतो. पण उपेक्षेपाशी या. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळून पाहणं म्हणजे दुर्लक्ष करणं, हे निव्वळ फोड करून कुणाला सुचेल? शब्द माहीत असलेल्यालाच नंतर ते जुळवता येतं, की समोर असलेल्या गोष्टीकडे नुसतं बघत राहणं म्हणजे तिची उपेक्षा. धातूवर सगळा भार टाकणारा विद्यार्थी नेमका इथे फसतो. (ईक्ष् मधली ई दीर्घ असल्यामुळे परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण यांत ती दीर्घच लिहायची. हा फायदा शुद्धलेखनाचा, पण फुकट मिळतो.)

संस्कृत वैयाकरणांचा एक जुना श्लोक आहे, त्याचा आशय असा की उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीनं भलतीकडे ओढून नेतो. उदाहरणं तिथे हृ धातूची दिली आहेत: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातूचा अर्थ ‘नेणे, हरण करणे’, आणि शब्दांचे अर्थ मात्र मारणं, खाणं, नाश, फिरणं, निरसन. म्हणून ‘निधीचा ____ केला’ अशा ठिकाणी अपहार, उपहार, परिहार, संहार समोर आले तर धातू आठवून काही हाती लागत नाही, कारण तो चौघांचाही आहे. शेजारचा शब्द बघायचा. निधीचा अपहार होतो, शंकेचा परिहार होतो, शत्रूचा संहार होतो. उपहार म्हणजे भेट. मधल्या वेळच्या खाण्याला उपाहार म्हणतात, उप अधिक आहार, म्हणून ‘उपाहारगृह’ असं लिहायला हवं. पाट्यांवर बहुतेकदा ‘उपहारगृह’ असतं, पण ते असो.

मराठीत संदर्भ म्हणजे फक्त अर्थ असं समजू नका. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं इतकं सांगून जातात की कधीकधी अर्थ नीट न कळताही उत्तर सापडतं. ‘व्यसनापासून त्याला ____ केले’ इथे ‘पासून’ आहे, म्हणजे परावृत्त. ‘अभ्यासाला’ किंवा ‘अभ्यासास’ असेल तर प्रवृत्त. ‘सेवेतून’ असेल तर निवृत्त. तिघांचाही धातू वृत्, म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ, आवृत्ती, परिवर्तन हे त्याच घरातले. एखाद्या गोष्टीकडे वळला तो प्रवृत्त, तिच्यापासून मागे फिरला तो परावृत्त. इथे मात्र फोड आणि विभक्ती एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि असं झालं की निःशंक व्हावं. फक्त वृत् आणि वृ यांची गल्लत करू नका. वृ म्हणजे झाकणे. आवरण, अनावरण, आणि एका त-चा ‘आवृत’ हे त्याचे. ‘धुक्याने आवृत शिखर’ यात झाकणं आहे, फिरण्याचा काही संबंध नाही.

आता माझा आवडता सापळा. ‘त्याचे वागणे त्या प्रसंगाला ____ नव्हते, म्हणून सगळे नाराज झाले.’ पर्याय: अनुचित, अनुदार, अनुपम, अनुरूप. चौघांची सुरुवात ‘अनु’नं होते. शेवटी ‘नव्हते’ आहे आणि लोक नाराज झालेत, म्हणजे रिकाम्या जागी चांगल्या अर्थाचा शब्द हवा. घाईत वाचणारा ‘नाराज’ बघून थेट अनुचित निवडतो आणि वाक्याचा अर्थ उलटा करून ठेवतो. शिवाय ‘प्रसंगाला’ मधला ‘ला’ अनुरूपशीच जुळतो. अनुपम चांगल्या अर्थाचा असला तरी ‘प्रसंगाला अनुपम’ असं कुणी म्हणत नाही.

गंमत अशी की या चारांत ‘अनु’ हा उपसर्ग फक्त अनुरूपमध्ये आहे. बाकीचे तिघे नकारार्थी आहेत: अन् अधिक उचित, अन् अधिक उदार, अन् अधिक उपमा. ओळखायची युक्ती सोपी आहे. सुरुवातीचा ‘अन्’ काढा आणि उ-पासून सुरू होणारा अर्थपूर्ण शब्द उरतो का बघा. उपस्थित उरतो, उत्तीर्ण उरतो, म्हणजे अनुपस्थित आणि अनुत्तीर्ण हे नकार. अनुकरणातून ‘उकरण’, अनुवादातून ‘उवाद’, असलं काही उरलं की समजावं, हा खरा ‘अनु’, मागोमाग या अर्थाचा.

शेवटचं अक्षरही असंच बघायची सवय ठेवा. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत सगळा फरक टोकाला आहे. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा, ‘घ्न’ म्हणजे मारणारा, शत्रुघ्न नावात आहे तोच. उपकार जाणणारा आणि उपकारांचाच घात करणारा. हे एकदा कळलं की ती जोडी पुन्हा पाठ करावी लागत नाही.

मात्र मराठीतल्या प्रत्येक शब्दाची संस्कृत फोड करत सुटू नका. ‘दुरुस्त’मध्ये ‘वाईट’ या अर्थाचा संस्कृत ‘दुर्’ शोधलात तर अर्थ उलटाच लागेल. तो शब्द फारसीतून आलाय. ‘दुर्बीण’ही फारसीच, तिच्यातलं ‘दुर्’ म्हणजे ‘दूर’ आणि ‘बीण’ म्हणजे पाहणारी. फारसी जोडण्या वेगळ्या ओळखाव्यात: बेफिकीर, गैरहजर, नापसंत यांतले बे, गैर, ना नकार सांगतात, लाचखोर आणि भांडखोर यांतला ‘खोर’ बहुतेक वेळा माणसाची वाईट खोड सांगतो. एवढं पुष्कळ झालं.

अस्सल संस्कृत शब्दांनीही मराठीत येऊन अर्थ बदललेत. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण, आपल्याकडे ती भोगावी लागते. चेष्टा म्हणजे हालचाल किंवा प्रयत्न, आपण मात्र दुसऱ्याची करतो. ‘राग’ या शब्दात मूळचा रंग आणि ओढ आहे, त्यातूनच अनुराग म्हणजे प्रेम. आपला राग त्याच्या पार विरुद्ध टोकाला जाऊन बसलाय. अशा वेळी मूळ खरं धरायचं की आजचा अर्थ? आजचा. वाक्य आज लिहिलेलं आहे.

तुम्ही ज्या शेवटच्या दोन पर्यायांत अडकता, ते माझ्या अंदाजानं अर्थापेक्षा छटेचे असावेत. काटकसरी आणि कंजूष दोघंही कमी खर्च करतात. लिहिणाऱ्याला तो माणूस आवडतो की नाही, हे वाक्यातल्या इतर विशेषणांवरून काढावं लागतं. इथे धातू कामाचा नाही. तसंच क्रियापदाच्या सोबतीचं. न्यायालय निकाल देतं, परीक्षेचा निकाल लागतो, आणि एखाद्याचा निकाल लावला की तो संपलाच. नाम तेच, पण क्रियापदानं अर्थ पालटला. हे नियमानं शिकता येत नाही, वाचूनच अंगवळणी पडतं, आणि समानार्थी शब्दांच्या याद्या नेमकी हीच गोष्ट गाळतात.

आता पाठांतराबद्दल. संस्कृतातले उपसर्ग 22 मानले जातात, ते ओळखीचे करून घ्या, फार वेळ लागत नाही. धातू मोजकेच घ्या: कृ, हृ, ज्ञा, ईक्ष्, वृत्, ग्रह्, चर्, स्था. यातला एकेक धातू घेऊन त्याची भावंडं वाचनात सापडतील तशी एका पानावर गोळा करा. ग्रह् चं पान बघा: आग्रह, निग्रह, संग्रह, विग्रह, अनुग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह. सुट्या शब्दापुढे अर्थ लिहिण्याऐवजी तो वाक्यात जसा येतो तसा, आगेमागे काय लागतं त्यासकट लिहा: ‘एखाद्या गोष्टीचा आग्रह धरणे’, ‘मनाचा निग्रह करणे’, ‘कुणाविषयी पूर्वग्रह बाळगणे’, ‘कशापासून परावृत्त होणे’, ‘कुणाकडून अपेक्षा असणे’, ‘कशाला मुकणे’. शब्द अडला तर कोश उघडण्याआधी वाक्यावरून अर्थाचा अंदाज पेन्सिलीनं पानाच्या समासात लिहा, मग कोश बघा. कोशातही पहिल्या अर्थावर थांबू नका. तुमच्या वाक्याला लागू पडणारा अर्थ अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असतो.