फॉरमॅट न मारता विंडोज १० वरून ११ वर जाता येतं का?

हो, येतं. दुकानदार तुम्हाला म्हणाला, ‘फॉरमॅट मारावाच लागेल, डेटा डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवा.’ कृपा करून तसं करू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. घाईत चुकीचं पार्टिशन डिलीट झालं की दोन्हीकडचं जातं. आधी सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, ती काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-पाच फाइल्स प्रत्यक्ष उघडून बघा.

वडिलांचं मराठी डीटीपीचं काम त्याच लॅपटॉपवर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइल्स नुसत्या जपून भागत नाही. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. वर्षानुवर्षांचं काम असं अडकलं तर फार वाईट वाटतं. त्यामुळे सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डरही कॉपी करा. सॉफ्टवेअर डाँगलवर (यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालत असेल, तर त्याचा ड्रायव्हर ११ वर चालतो का, हे कंपनीला आधीच विचारा.

मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ने लॅपटॉप ११ ला चालतो का ते कळतं. टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा; अपग्रेडनंतर मशीनने ती मागितली आणि सापडली नाही, तर त्या डिस्कवरचा डेटा उघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. पेनड्राइव्हवरून बूट करू नका. विंडोज १० चालू असतानाच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या विंडोज ११ च्या आयएसओ फाइलवर (इन्स्टॉलेशनची सगळी सामग्री असलेल्या एका फाइलवर) डबल क्लिक करून आतलं सेटअप चालवा. पुढे ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ हा पर्याय येतो, तोच निवडा. तो पुसट दिसत असेल तर तिथेच थांबा. बहुधा आयएसओची भाषा किंवा एडिशन (होम, प्रो वगैरे) तुमच्या विंडोजशी जुळत नाही. जुळणारी फाइल उतरवून पुन्हा सुरुवात करा. ‘नथिंग’ मात्र निवडू नका.

अपग्रेड झाल्यावर वडिलांना त्यांच्या जुन्या फाइल्स उघडून एखादी प्रिंट काढायला सांगा. काही अडलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ असतं, पण ते फक्त १० दिवस. त्यासाठी लागणारं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर तोवर डिलीट करू नका.