वाचकांचे प्रश्न: परदेशातल्या वर्गाशी दोस्ती कशी करायची?

प्रश्न: मी अक्कलकोट तालुक्यात झेडपी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मुलांना परदेशातल्या शाळेशी जोडून द्यायचंय, पण मुलांचं इंग्रजी कच्चं, फोन माझा एकच, नेट येतं-जातं. स्काईपवर व्हायचं म्हणे, आता ते बंद झालंय. आमच्यासारख्यांना जमेल का?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, जमेल, नक्की जमेल. तुमच्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्यांच्या कामात मुलांना व्हिडिओ कॉलवरून जगभर फिरवून आणणं हेही होतंच. स्काईप मे २०२५ मध्ये बंद झालं हे खरं, पण झूम आहे, गुगल मीट आहे, त्यामुळे त्यासाठी काही अडलेलं नाही.

पण माझं ऐकाल तर सुरुवात कॉलने करूच नका. पहिल्या कॉलला काय होतं, दोन्हीकडची मुलं हाय-हॅलो करतात, नाव सांगतात, लाजतात, आणि पाच मिनिटांत बोलायचंच संपतं, कारण मध्ये काही कामच नसतं. आधी दोन्ही वर्गांना मिळून करायला एक काम द्या.

मला सगळ्यात आवडतं ते सावली मोजायचं. २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मैदानात १ मीटरची काठी ओळंब्यात सरळ उभी करायची आणि सावली सगळ्यात छोटी होईल तेव्हाची लांबी घ्यायची. घड्याळात बारा वाजले म्हणून नाही हं, तुमच्याकडे मार्चमध्ये साडेबाराच्या आणि सप्टेंबरमध्ये सव्वाबाराच्या जवळपास होईल, म्हणून बारापासूनच दर पाच मिनिटांनी खूण करत राहायचं. तुमची सावली भरेल साधारण ३२ सेंमी, नैरोबीच्या मुलांची जेमतेम २, टोकियोची ७२ च्या आसपास आणि वॉर्सामध्ये तर काठीपेक्षा सावलीच मोठी, १२९ सेंमी! मग वहीत काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून काठीच्या वरच्या टोकाचा कोन मोजायचा, दोन गावांच्या कोनांतला फरक काढायचा (नैरोबी विषुववृत्ताच्या पलीकडे आहे, तिथे मात्र बेरीज) आणि एका अंशाला १११ किमी धरून उत्तर-दक्षिण अंतर मुलंच काढतात. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने २२०० वर्षांपूर्वी अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता. यात आकड्यांना इंग्रजी लागत नाही, आणि जो तो आपापल्या दुपारी मोजतो म्हणून वेळेचंही भांडण नाही.

जोडीदार शाळा कुठे शोधायची? आयअर्न (iEARN) नावाचं शिक्षकांचं नेटवर्क आहे, १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडून सुरू झालेलं, आज १०० हून जास्त देशांत आहे. त्यांचा टेडी बेअर प्रोजेक्ट लहान वर्गांना फार छान, एक वर्ग दुसऱ्याला खेळणं पोस्टाने पाठवतो आणि तिकडची मुलं त्या खेळण्याच्या नावाने डायरी लिहून पाठवतात. मुलांनी मराठीत लिहू दे, चित्रं काढू दे, खाली तुम्ही दोन ओळी इंग्रजीत लिहा.

नंतर कॉल करायचाच झाला तर देश बघून निवडा. आपल्याकडे सकाळी ११ तेव्हा केनियात साडेआठ आणि जपानमध्ये अडीच, म्हणजे तिन्हीकडे शाळेचीच वेळ. न्यूयॉर्कमध्ये मात्र मध्यरात्र असते.

आणि एक गोष्ट अजिबात सोडू नका. सगळा संपर्क शिक्षकांच्या अकाउंटवरून, मुलांचं फक्त पहिलं नाव, घरचा पत्ता-फोन कुठेही नाही, आणि फोटो पाठवायच्या आधी पालकांची लेखी परवानगी. पालकसभेत हे आधीच बोलून घ्या, त्यांना सावलीचा प्रयोगही दाखवा, मग सही द्यायला कोणी का-कू करणार नाही.