टीसीने विचारलं तर चार सांग

प्रश्न : बाई, सलाम. आम्ही विक्रोळीला कन्नमवारनगरात राहतो. मोठा मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. चर्चच्या संडे स्कूलमध्ये हुशार म्हणून त्याचं नाव आहे. बायबलमधल्या दहा आज्ञा धडाधड म्हणतो, पाप म्हणजे काय विचारलं की पहिला हात याचाच वर. गेल्या महिन्यात त्याच्या दप्तरात शेजारच्या मित्राचं बेब्लेड (खेळायचा भोवरा) सापडलं. आधी म्हणाला त्यानेच दिलं, मग म्हणाला जिन्यात सापडलं, मग रडायला लागला. मी हात उगारला नाही. एवढंच म्हटलं, "मम्मीला फसवशील, पण येशू वरून सगळं बघतोय. त्याच्या वहीत लिहिलं गेलं." बेब्लेड मी त्याच संध्याकाळी मित्राच्या आईला नेऊन दिलं, चुकून दप्तरात आलं म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. हाही सोबत होता. पण तेव्हापासून तो रात्री दिवा बंद करू देत नाही. परवा विचारत होता, येशू डोळे कधी मिटतो? सासूबाई म्हणतात, भीती बरी, भीतीनेच मुलं वळणावर येतात. माझं चुकलं कुठे? आणि चांगलं-वाईट त्याचं त्याला निवडता यावं म्हणून करू तरी काय?
— एक आई, विक्रोळी

उत्तर : सलाम. आधी आजच्या रात्रीचं बघू, बाकीचं मागाहून.

दिवा राहू दे चालू. उशाशी बसा आणि त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या : येशू डोळे मिटायचा. एकदा तर वादळात होडी बुडायला आली तरी हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता, शिष्यांनी हलवून उठवलं. बायबलात मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे. मग हागारेची गोष्ट सांगा. संडे स्कूलमध्ये आम्ही ती बहुधा गाळतो, अब्राहामाच्या घरातली भांडणं पोरांपुढे कुठे काढायची म्हणून. तुम्ही थोडक्यात सांगा. एक दासी होती, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली, झऱ्याकाठी एकटी बसली होती. तिथे देवदूताने तिला नावाने हाक मारली, कुठून आलीस, कुठे चाललीस विचारलं. तेव्हा तिने देवाला नाव दिलं : मला पाहणारा. उत्पत्तीचा १६वा अध्याय. देव बघतो, हे तिथे एका एकट्या पडलेल्या बाईचा दिलासा आहे. आपण त्याचा सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा करून टाकला. वहीबद्दल विचारलं तर सांगा, मी रागात बोलले.

सासूबाईंना माझा सलाम सांगा. पण भीतीने मूल चोरी सोडत नाही, लपवायला आणखी चांगली जागा शोधतं. महापालिकेच्या शाळेत ३२ वर्षं काढली आहेत मी, दप्तरांचे चोरकप्पे मला पाठ आहेत.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द. रागावू नका. 'चुकून.' तुम्ही शेजारणीच्या दारात हे म्हणालात तेव्हा मुलगा शेजारी उभा होता. चुकून आलेलं नाही, हे त्या दारात फक्त दोघांना ठाऊक होतं, तुम्हाला आणि त्याला. घेतलं ते पाप, पण त्यावर घातलेलं पांघरूण चालतं, असं तो त्या दिवशी शिकला. आणि तुमच्याकडूनच शिकला, म्हणजे पक्कं शिकला.

मी काही वरच्या पायरीवरून बोलत नाही. १९९१ साली आम्ही भायखळ्याहून कल्याणला एका लग्नाला निघालो होतो. धाकट्याला ५ पूर्ण होऊन चार महिने झाले होते. ५ वर्षांच्या आत फुकट, पुढे १२ पर्यंत अर्धं तिकीट. खिडकीला ही रांग, गाडीची घोषणा झालेली. मी म्हटलं राहू दे, टीसीने विचारलं तर चार सांग. टीसी काही आला नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी मुलांना वयाप्रमाणे वर्गात बसवत होते. माझा मुलगा रांगेत माझ्यासमोर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, इथे मी किती वर्षांचा?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरोखर माहिती हवी होती. गाडीत वेगळं वय असतं आणि देवळात वेगळं, अशी त्याची समजूत झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा हात धरून स्टेशनवर गेले, कल्याणचं अर्धं तिकीट काढलं आणि त्याच्यासमोर फाडून टाकलं. घरी आल्यावर यजमान म्हणाले, रेल्वेला काय कळणार? मी काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, "पण येतानाचं राहिलं." गेलो परत.

तेव्हा बेब्लेडचं प्रकरण मिटलेलं नाही, ते उघडा. पण आरोपाने नको, नाथानासारखं उघडा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको आपली केली, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तो गोष्ट घेऊन गेला. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, एका गरिबाकडे एकच कोकरी, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात लावला नाही, गरिबाची कोकरी उचलली. दावीद भडकला, म्हणाला, चौपट भरून द्यायला लावा त्याला. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. (२ शमुवेल, १२वा अध्याय.) निवाडा दावीदाच्याच तोंडून आला होता, आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

तुमच्या गोष्टीत कोकरीऐवजी पतंग घ्या, सायकल घ्या, काहीही. शेवटी विचारा, आता काय करायला हवं? आणि गप्प बसा. यातलं अवघड काम ते आहे. ७ वर्षांची मुलं फार कडक न्यायाधीश असतात, तो म्हणेल पोलिसांत द्या. हसू नका. विचारा, पोलिसांत दिल्यावर त्या दुसऱ्या मुलाला बरं वाटेल का? इथून पुढे त्याला वाट दिसेल. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी जेवायला जाताना येशूने त्याला किती परत कर म्हणून आकडा सांगितला नव्हता. चौपट हे जक्कय स्वतः म्हणाला. तुमचा मुलगा कदाचित म्हणेल, माझी गाडी दोन दिवस त्याला देतो. कदाचित म्हणेल, नुसतं सांगतो. जे म्हणेल त्यावर घासाघीस करू नका. त्याच्यासोबत जा आणि आधी तुमचं सांगा : मी त्या दिवशी चुकून म्हणाले, ते खरं नव्हतं. शेजारीण म्हणेल, अहो, एवढं काय त्यात. म्हणू दे.

दहा आज्ञा पाठ असूनही असं का, हे तुम्हाला खुपतंय. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक समजेवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार ढकललं, मागे १५ कप होते हे त्याला माहीत नव्हतं, सगळे फुटले. दुसरा आई बाहेर गेली असताना गुपचूप जॅम काढायला गेला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणत, १५ वाला. मी हे आमच्या वर्गात जॅमऐवजी बेसनाचे लाडू घालून करून पाहिलं. बालवर्ग एकमुखाने १५ वाल्याच्या विरोधात! मनात काय होतं हे मोजायला मूल हळूहळू शिकतं, आणि आपण नेमके तिथे आडवे येतो. दूध सांडलं की खालच्या मजल्यापर्यंत आवाज जातो. फोनवर 'पप्पा घरी नाहीत' असं सांग, हे मात्र आपण त्याच्या कानात कुजबुजतो. मग आपल्या आवाजाच्या पट्टीवरून ते पाप मोजतं, त्याचा काय दोष?

आणि त्याला निवडायला काही तरी द्या. शनिवारी १० ची दोन नाणी हातावर ठेवा. खायचे किती, ठेवायचे किती, रविवारी अर्पणाला किती, त्याचं तो ठरवेल. आपण चर्चच्या पायरीवर नाणं मुठीत कोंबतो आणि थैली समोर आली की कोपराने ढोसतो. त्यात मुलाचा फक्त हात असतो. पहिल्या रविवारी वीसच्या वीस बर्फाच्या गोळ्यात गेलेले असतील. जाऊ देत. पाळकसाहेबांना कळणार नाही, तुम्हीही चेहरा पाडू नका.

प्रश्न : बाई, शेजारच्या काकूंनी गणपतीचा मोदक दिला तर आमची ६ वर्षांची मुलगी फटकन म्हणाली, "आम्हाला नको, ते पाप असतं." काकूंचा चेहरा उतरला. मुलीने चूक केली की बरोबर?
— एक वडील, दहिसर

उत्तर : मोदक नाकारणारी घरंही आपल्यात आहेत आणि आनंदाने खाणारीही. तुमच्या घराचं तुम्ही ठरवा. प्रेषित पौलाला मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या या एका विषयासाठी करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंत जावं लागलं, आणि तरी त्याने सरसकट खा किंवा खाऊ नका म्हटलं नाही. कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा, आणि हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका, असा तो तोल सांभाळतो. सुरुवातच मुळी अशी करतो की ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने उभा राहतो.

मुलगी फुगली. पण 'पाप' हा शब्द ६ वर्षांची मुलगी कुठून आणणार? तो तुमच्या स्वयंपाकघरातून आला असेल. तिला रागावू नका. तुम्ही काकूंकडे जाऊन माफी मागा, तिला सोबत न्या. घ्यायचं नसेल तर "थँक्यू काकू, मी घेत नाही" एवढं पुरे, हे तिला शिकवा. नाताळला करंज्यांचं ताट काकूंकडे कोण नेतं? यंदा तिच्या हातात द्या, आणि काकू करंजी खाईपर्यंत तिला तिथेच थांबायला सांगा.

प्रश्न : खरं बोलल्याबद्दल मुलांना चॉकलेट द्यावं का?
— संडे स्कूलची एक नवी शिक्षिका, कुर्ला

उत्तर : वचन पाठ केल्याबद्दल द्या. खरं बोलल्याबद्दल मी एकच वर्ष देऊन पाहिलं. चौथ्या रविवारी एक चिमुरडी येऊन म्हणाली, "बाई, या आठवड्यात मी दोनदा खोटं बोलले, आणि दोन्ही तुम्हाला सांगितलं. दोन द्या." मी दोन दिली आणि डबा घरी ठेवून आले.