बुरशी आलेली पेंड गाईला घातली तर दुधातून अपाय होतो का? दूध उकळलं की चालेल ना?

होतो, आणि उकळूनही टळत नाही. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाणा किंवा सरकी पेंडेवर, मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी१. गाईच्या यकृतात त्याचं रूप बदलून अफ्लाटॉक्सिन एम१ होतं आणि ते दुधात उतरतं. दुधाला ना वास येतो, ना चव बदलते. भारतात दुधासाठी मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. या विषाचा यकृताच्या कॅन्सरशी संबंध आहे आणि घरात दूध जास्त पितात ती मुलंच, म्हणून कळकळीने सांगतो: असली पेंड वाळवून, चांगल्या पेंडेत मिसळून घालू नका, पुरूनच टाका. पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. खराब पेंड बंद केली की काही दिवसांतच दुधातलं प्रमाण झपाट्याने उतरतं.