तो तक्ता मुलीच्या हातात द्या

शिरोलीच्या एका फौंड्रीमालकांचं, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखानदाराचं, पत्र आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तिला कंपन्यांच्या कार्बन-हिशेबाच्या, म्हणजे कुणामुळे किती कार्बन हवेत जातो ते मोजण्याच्या, कामात जायचंय, वडिलांना ती आयटीत हवी आहे. ‘झाडं लावून पोट भरत नाही’ असं ते बोलल्यापासून ती त्यांच्यासोबत जेवायला बसत नाही. पुण्याचं गिऱ्हाईक विजेचा आणि कच्च्या मालाचा तक्ता मागतं आणि आपण अंदाजे आकडे भरून पाठवतो, हेही त्यांनी सहज लिहून टाकलंय.

नमस्कार. मला काळजी वाटली ती जेवणाच्या वेळच्या अबोल्याची. तिने विचार करून ठरवलेली गोष्ट तुम्ही एका वाक्यात उडवून लावलीत. ते वाक्य आधी मागे घ्या, तिच्यासमोर.

कारण ते चूकही आहे. या कामाचा झाडांशी फारसा संबंध नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या छपरावर कितीही सोलर बसवलं, तरी लोखंड वितळतं तुमच्या भट्टीत. इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० च्या आसपास युनिट लागतात, आणि त्या विजेचा कार्बन गिऱ्हाइकाच्या हिशेबात ‘स्कोप ३’ म्हणून, म्हणजे स्वतःच्या कारखान्याबाहेरचा कार्बन म्हणून, चढतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना पर्यावरणाची माहिती देणं सक्तीचं केलं. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाचा कार्बन विचारायला सुरुवात केली. त्यामुळे मोठ्या कंपन्या आता पुरवठादाराच्या दारात येऊ लागल्या आहेत. पण नुसता तक्ता भरून काहीच घटत नाही. भट्टीचं झाकण वेळेवर बंद झालं, पुन्हा वितळवायच्या मालाला चिकटलेली वाळू झाडली गेली, रिजेक्शन कमी झालं, तर घटतं. नापास कास्टिंग पुन्हा वितळवलं की त्याच तुकड्याला वीज दोनदा लागते. हे अस्सल मेकॅनिकलचं काम आहे.

अंदाजे आकडे मात्र आजपासून बंद. उद्या कुणी तक्त्याशेजारी वीजबिल ठेवलं तर काय सांगाल?

परीक्षांचं थोडक्यात: एम.टेकसाठी गेट, बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा-बचत संस्थेची) ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा नोकरीचा अनुभव घेतल्यावर.

आयटीचा विषय सहा महिने काढू नका. या सुट्टीत तिला वर्षभराची वीजबिलं, हीटची (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची) रजिस्टरं आणि तो तक्ता द्या. टनामागे किती युनिट जातात, कुठल्या पाळीत रिजेक्शन जास्त, हे तिला शोधू द्या. ती प्रश्न विचारील, तेव्हा ‘तुला काय कळतंय’ म्हणू नका. मग दोघांनी बसून खरा तक्ता भरा, आणि काय निघालं ते मला कळवा.