शाळेत शिकवतात, मग घरी कशाला?

प्रिय बाळा,

दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतः पक्की करण्याच्या विधीची, तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या पालकांनी एक पत्र लिहावे, असे आपल्या धर्मग्रामातून, म्हणजे आपल्या चर्चकडून, सांगण्यात आले आहे, आणि माझे पत्र तुझ्याच प्रश्नाला उत्तर म्हणून लिहावे असे मी ठरवले. तू विचारले होतेस, "इथे ओंटारियोत माझी शाळाच कॅथलिक आहे, तिथे धर्मशिक्षणाचा तास असतो, संस्काराची तयारी चर्चमध्ये होते, तरी तू आणि बाबा रोज रात्री मला मराठीत रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, का बसवता? ही फक्त आपल्या वसईकरांची रीत आहे का?"

रीत वसईची आहे हे खरे. पण तिच्या मुळाशी असलेले कर्तव्य साऱ्या ख्रिस्तसभेचे, म्हणजे जगभरच्या चर्चचे, आहे. तुझ्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी, तुझ्या डोक्यावर पाणी ओतण्याआधी, धर्मगुरूंनी आम्हा दोघांना विचारले होते की, या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही स्वीकारत आहात, याची तुम्हाला नीट जाणीव आहे ना? आम्ही होय म्हटले. त्याच विधीच्या शेवटच्या आशीर्वादात आईवडिलांना मुलाचे श्रद्धेतील पहिले शिक्षक म्हटले जाते. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले, आणि 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात तर असे स्पष्ट केले की, आईवडिलांचे हे कर्तव्य इतके मोठे आहे की घरात ते पार पडले नाही, तर त्याची भरपाई होणे फार कठीण. 1983 च्या धर्मविधिसंहितेतही, म्हणजे चर्चच्या कायद्यातही, आपल्या शब्दांनी आणि वागणुकीने मुलांना श्रद्धेत घडवण्याचे बंधन इतर सर्वांच्या आधी पालकांवरच घातले आहे. म्हणजे शाळा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग आमच्या मदतीला आहेत. आमच्या जागी नाहीत.

आता वसईची गोष्ट. नंदाखालला आमच्या घरी संध्याकाळी आजोबा वाडीतून परतले, हातपाय धुऊन झाले, की ओटीवर चटई अंथरली जाई आणि वेदीपुढे दिवा लागे. रोझरीचे एकेक रहस्य, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातल्या एकेका प्रसंगाची प्रार्थना, घरातल्या एकेकाच्या वाट्याला येई. सर्वांत धाकट्याला 'नमो मारिया' नीट म्हणता येऊ लागली की त्यालाही त्याची पाळी मिळे, आणि ती चुकली तरी कोणी मध्ये बोलत नसे. पण मला जे खरे शिकायला मिळाले, ते रोझरी संपल्यानंतर. आजी एकेक नाव घेऊन प्रार्थना सांगे: गावात कोण आजारी आहे, आखातात कोणाच्या मुलाला काम मिळालेले नाही, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. एकदा बांधावरून भाऊबंदकीत मोठा वाद झाला. आजोबा त्या घराशी बोलेनासे झाले होते. त्या रात्रीही आजीने त्या घराचे नाव घेतले, नेहमीच्याच आवाजात, आणि सर्वांबरोबर आजोबांनाही 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणावे लागले, त्यातल्या क्षमेच्या ओळीसकट. शत्रूवर प्रेम करा हे मी पुढे वर्गात शिकले, तेव्हा त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. शेवटी आम्ही मुले वयाच्या क्रमाने थोरामोठ्यांसमोर हात जोडत असू आणि ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. तू इथे आम्हा दोघांपुढे हात जोडतोस, ते तिथूनच आले आहे.

आपल्या भागात घराला एवढे महत्त्व येण्यामागे इतिहासही आहे, असे मला वाटते. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज धर्मगुरूंपैकी बहुतेक निघून गेले, किल्ल्यातली भव्य चर्च ओस पडली आणि पुढे त्यांचे अवशेष तेवढे उरले. गावे मात्र ख्रिस्ती राहिली. मागे राहिलेल्या मोजक्या देशी धर्मगुरूंनी धर्मग्रामे सांभाळली, हे विसरता येणार नाही. पण रोजची प्रार्थना पिढ्यानपिढ्या पुढे नेणारी माणसे घराघरांतली होती. ही प्रार्थना आपल्या भाषेत होती म्हणूनही टिकली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापले गेले ते मराठी ओव्यांत, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना गाता येईल असे पुराण हवे होते. आमच्या घरी दर महिन्याला 'सुवार्ता' मासिक येई आणि ते मोठ्याने वाचले जाई. तुला मी मराठीत प्रार्थना म्हणायला लावते, ती तुझे मराठी सुधारावे म्हणून नव्हे. ज्या शब्दांत मी स्वतः देवाशी बोलते, तेच शब्द मला तुझ्या हाती मनापासून देता येतात.

तरीही एक गोष्ट तुला मोकळेपणाने सांगायला हवी. आईवडील श्रद्धा दाखवू शकतात, मुलाच्या वतीने ठेवू शकत नाहीत. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्या दोन तरुणांना संतपद दिले, त्यांची घरे पाहा. पिएर जॉर्जो फ्रासाती यांचे वडील देवाबाबत साशंक होते. कार्लो अकुतिस पंधराव्या वर्षी वारला. त्याची आई पूर्वी चर्चला फारशी जातही नसे, आणि मुलाच्या प्रश्नांमुळे तीच श्रद्धेकडे वळली. म्हणून तुझे प्रश्न मला अवज्ञा वाटत नाहीत. रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, चल म्हणून मी आग्रह धरीन, तो माझा भाग आहे. पण मिस्सात तुला काय जाणवले वा जाणवले नाही, हे तू खरेखरे सांगितलेस तर मी रागावणार नाही, आणि मला उत्तर येत नसेल तेव्हा आपण दोघे मिळून फादरांना विचारू.

स्नानसंस्काराच्या वेळी तुझ्या वतीने आम्ही उत्तर दिले होते. दृढीकरणात ती वचने तू स्वतःच्या तोंडाने म्हणशील आणि तुझ्या कपाळावर पवित्र तेलाने क्रूस काढला जाईल. त्या वेळी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहणारे माणूस आईवडिलांपैकी नसावे, असा ख्रिस्तसभेचाच नियम आहे. आम्ही बाकावर बसून असू. स्नानसंस्कारात तुझी धर्ममाता झालेली आत्याच त्या जागी असणे सर्वांत उचित, पण तिला वसईहून येणे जमणार नाही. ज्याचे दृढीकरण झालेले आहे, सोळा वर्षे पूर्ण आहेत आणि जो श्रद्धेने जगतो, असा कॅथलिक माणूस तुला निवडायचा आहे. ही निवड आम्ही करणार नाही. ज्याच्या वागण्यात तुला ख्रिस्त दिसतो असे कोण आहे, याचा विचार कर आणि त्या व्यक्तीला तू स्वतः जाऊन विचार; रविवारी मिस्सानंतर नाव चर्चच्या कार्यालयात द्यायचे आहे.

तुझी,
आई