पश्चिमेच्या खिडकीचं ऑनिंग, ब्लाइंड आणि जाळी : कापडाआधी भिंत बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत नवं घर, भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या). बेडरूमची सहा बाय चार फुटांची खिडकी बरोबर पश्चिमेला, आणि एलिव्हेशन छान दिसावं म्हणून छज्जा दिलेलाच नाही. दुकानदाराने तीन फूट पुढे येणारं पॉलिकार्बोनेटचं (प्लास्टिक शीटचं) ऑनिंग, म्हणजे खिडकीवरचं छप्पर, आतून झेब्रा ब्लाइंड, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा गुंडाळता पडदा, आणि वेल्क्रोची मच्छरजाळी असं पॅकेज सांगितलंय. शीट आणि कापड कोणत्या कंपनीचं घ्यावं, एवढंच तुम्ही विचारलंय.

माझं नांदेडला ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं काम आहे. आपल्याकडच्या उन्हात आणि वादळात ही कामं कशी टिकतात, कशी उखडतात हे रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणून सांगतो, कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. कापड फाटलं तर दोन-चार वर्षांनी बदलता येतं. भिंतीतली पकड सुटली तर ऑनिंग खाली कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. पैसे ब्रॅकेट, बोल्ट आणि गिट्टीवर (भिंतीच्या भोकात बसवायच्या प्लगवर) घाला.

आधी उन्हाचं बघू. परभणीत १७-१८ मेच्या सुमाराला सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, त्या दिवशी काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीला ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मार पूर्वेला आणि पश्चिमेला. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी खाली उतरत जातं, आणि आडवं ऑनिंग तिथेच कमी पडतं. मेअखेरीचा हिशेब सांगतो. खिडकीच्या वरच्या काठाला लागून तीन फुटांचं सपाट ऑनिंग असेल तर तीन वाजता तुमची चार फुटी खिडकी जवळपास पूर्ण सावलीत असते. चार वाजता सावली अडीच फुटांवर येते. पाच वाजता जेमतेम दीड फूट. आणि सूर्य मावळायला सात वाजत येतात. म्हणजे खोली खरी तापते त्या वेळी तीन फुटांचं ऑनिंगही अर्ध्याहून जास्त काच उघडी सोडतं.

मग तीन फूट कशाला? पश्चिमेला ऑनिंग पावसासाठी लावायचं, त्याला दीड फूट पुरे. ऊन अडवायला काचेच्या बाहेर उभा आडोसा लागतो. त्याचं पुढे सांगतो, आधी वाऱ्याचं.

एप्रिल-मे महिन्यात वळवाआधी जे वादळ सुटतं त्यात ऑनिंगला खालून वारा लागतो आणि ते छत्रीसारखं वर उचललं जातं. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर ढोबळ मानाने दर चौरस मीटरला ४७ किलोचा जोर येतो. तुमचं सहा बाय तीन फुटांचं ऑनिंग, म्हणजे सुमारे ८० किलो. शिवाय तो जोर भिंतीपासून सरासरी दीड फूट लांब लागतो, त्याची तरफ होते. दुकानात मिळणाऱ्या तयार ब्रॅकेटची भिंतीला टेकणारी उभी पट्टी सहा इंचांची असेल, तर खालच्या बोल्टांवर मिळून २३५ किलोच्या आसपास ओढ येते. तेच ऑनिंग दीड फुटाचं केलं आणि उभी पट्टी एक फुटाची घेतली तर ही ओढ ३० किलोवर येते. बोल्ट तेच, भिंत तीच. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हा, की ब्रॅकेटची उभी पट्टी किती इंचांची आहे.

खालचे बोल्ट का म्हणालो, तेही समजून घ्या. नुसत्या वजनाने ऑनिंग खाली लोंबतं तेव्हा वरच्या बोल्टवर ओढ असते. वारा वर उचलतो तेव्हा उलटं होतं, ब्रॅकेटचं खालचं टोक भिंतीपासून सुटायला बघतं. बरेच मिस्त्री वर दोन चांगले बोल्ट मारतात आणि खाली आधारापुरता एक लहान स्क्रू. वादळानंतर जी ऑनिंग लटकलेली दिसतात त्यांचा खालचाच स्क्रू निघालेला असतो.

आता भिंत. एएसी ब्लॉक हलका आणि मऊ असतो. काँक्रीटमध्ये चालणारा लोखंडी अँकर फास्टनर फुगून पकड घेतो; ब्लॉकमध्ये तो फुगला की आजूबाजूचा ब्लॉकच चुरतो. घट्ट बसला असं पान्याला वाटतं, पण आत पोकळी झालेली असते. यावर उपाय असा. छज्जा नसला तरी खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचं लिंटेल (आडवी तुळई) असणारच, आणि ते बहुतेक वेळा खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच आत गेलेलं असतं. ब्रॅकेट असं बसवा की खालचा बोल्ट लिंटेलमध्ये जाईल आणि वरचा ब्लॉकमध्ये. वादळाची ओढ काँक्रीट घेईल, ब्लॉकवर फक्त ऑनिंगचं वजन येईल.

लिंटेल कुठे संपतं हे प्लास्टरवरून दिसत नाही. सहा मिलिमीटरच्या बिटने एक भोक पाडा आणि खाली कागद धरून भुकटी बघा. प्लास्टर संपल्यावर पांढरी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि बिट सरसर आत गेला, तर ब्लॉक आहे. करडी भुकटी आली, बिट अडू लागला, ड्रिलचा आवाज बदलला, तर काँक्रीट लागलं. लाल आली तर भाजलेली वीट. परळीच्या राखेच्या विटांची भुकटीही करडीच असते, पण बिट काँक्रीटइतका अडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, सगळी फिटिंग यावर ठरते.

ब्लॉकमध्ये भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. त्यात लांब नायलॉनची गिट्टी घ्यावी, एएसीसाठी वेगळी मिळते, किंवा केमिकल अँकर करावा, म्हणजे भोकात रसायन भरून बोल्ट चिकटवावा. माझी पसंती तिसऱ्या उपायाला आहे: आठ मिलिमीटरची आटे असलेली सळी भिंतीतून आरपार काढायची आणि आतल्या बाजूने तीन इंची चौकोनी पत्रा, वायसर आणि नट लावायचा. आतला पत्रा दिसेल अशी तक्रार होते, पण पडद्याच्या पेल्मेटमागे तो सहज झाकतो. भोकाची धूळ फुंकून किंवा पंपाने पूर्ण काढा, धुळीवर कोणतीच गिट्टी धरत नाही. आणि लांबी मोजताना बाहेरचं प्लास्टर सोडून मोजा. ते दोन सेंटिमीटरपर्यंत जाड असतं. दीड इंची गिट्टी घेतली तर निम्मी प्लास्टरमध्येच राहिली, आणि प्लास्टरला काहीच पकड नसते.

जुन्या घराचा कोणी विचार करत असेल तर तेही सांगतो. गावातल्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंतीत कुठलाही फुगणारा फास्टनर मारू नका. दगडाला हादरे बसतात, सांध्यातली माती सुटते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींनी घात केला होता. तिथे लाकडी चौकटीलाच हलकी बांबूची चिक लावा, ऑनिंगसाठी जमिनीवरून स्वतंत्र पाइपचे खांब उभे करा.

बोल्ट-स्क्रू एसएस ३०४ चे, म्हणजे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं दुकानात दाखवतात, पण हलक्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पिवळ्या मुलाम्याचे स्क्रू आतल्या कामाला ठीक, बाहेर दोन पावसाळ्यांत भिंतीवर गंजाचे ओघळ दिसतात. ब्रॅकेट लोखंडी आणि ऑनिंगचं सेक्शन (चौकटीची पट्टी) ॲल्युमिनियमचं असेल तर मध्ये नायलॉनचा वायसर टाका. ब्रॅकेटमागे आणि भोकात सीलंट भरा, नाहीतर तिथूनच ब्लॉक पाणी पितो.

आता उभा आडोसा. आतलं झेब्रा ब्लाइंड ऊन अडवतं खरं, पण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. ब्लाइंड तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर लावलेला साधा आडोसा महागड्या आतल्या ब्लाइंडपेक्षा जास्त काम करतो. हौस आणि पैसा असेल तर झिप स्क्रीन आहे, तिच्या कापडाच्या कडा बाजूच्या चॅनेलमध्ये अडकतात, त्यामुळे वाऱ्याने फडफडत नाही. नसेल तर बांबूची चिक, नाहीतर आपली शेतातली ७५ टक्क्यांची शेडनेट. शेडनेटला मी मुळीच कमी लेखत नाही, ती उन्हात राहण्यासाठीच बनवलेली असते. खाली एक इंची ॲल्युमिनियमचा पाइप ओवा, वर दोन कप्प्या, दोरी गुंडाळायला एक खुंटी. काचेपासून चार-सहा इंच अंतर ठेवा म्हणजे मधली गरम हवा वरून निघून जाते. खालच्या दोन्ही टोकांना हूक हवेतच, नाहीतर पाइप रात्रभर ग्रिलवर आपटेल. आभाळ भरून आलं की गुंडाळून ठेवायची.

हे केल्यावर आतलं ब्लाइंड फक्त उजेड आणि आडपडद्यासाठी उरतं. झेब्राऐवजी साधं रोलर घ्या, आपल्या धुळीत ते पुसायला सोपं. सहा फूट रुंदीला नळी ३८ मिलिमीटरची मागा, बारीक नळी मध्ये झोल खाते आणि कापडाला तिरप्या सुरकुत्या पडतात. रोलरचं कापड ब्रॅकेटपेक्षा दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर कमी असतं. पश्चिमेला त्या फटीतून उन्हाची धार येते. म्हणून खिडकीच्या खाचेत न बसवता भिंतीवर, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त घेऊन लावा. माप देताना ते खिडकीचं आहे की तयार ब्लाइंडचं, हे स्पष्ट लिहून द्या. बॉक्समधले एक इंची स्क्रू वापरू नका, ब्लॉकसाठी दोन इंचांच्या वरची नायलॉन गिट्टी घ्या. नातू दोन वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर साखळीचा खालचा फास भिंतीला ताणून धरणारी क्लिप लावल्याशिवाय मिस्त्रीला सोडू नका. लोंबती साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकते. पलंगही त्या भिंतीपासून दूर ठेवा.

राहिली जाळी. वेल्क्रोचा गोंद पश्चिमेच्या तापलेल्या फ्रेमवर पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडतो, ती घेऊ नका. तुमची खिडकी दोन ट्रॅकची, म्हणजे काचा सरकायच्या दोन रुळांची आहे, जाळीला तिसरा ट्रॅक नाही. पण दोन ट्रॅकची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून जाळीही अर्ध्यालाच पुरते. ग्रिल आणि फ्रेममध्ये इंचभर जागा असेल तर बाहेरून अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमच्या फ्रेमची जाळी बसवा, चार फिरक्या लावून, म्हणजे धुवायला काढता येईल. बाहेरच्या ट्रॅकची काच कायम दुसऱ्या अर्ध्यात ठेवायची आणि आतली काच सरकवायची. जाळीची फ्रेम बाहेरच्या काचेच्या उभ्या पट्टीला जिथे भिडते तिथे ब्रश लावून घ्या. बाहेरची काच जागेवरून सरकली तर मध्ये फट राहते आणि डास तिथूनच येतात.  बेडरूमला फायबरग्लासची जाळी चालेल. स्वयंपाकघराला मात्र स्टीलचीच, उंदीर फायबर कुरतडतात.

कूलर कोणत्या खिडकीला लावणार ते तुम्ही लिहिलं नाही. कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, आणि डासांच्या भीतीने लोक तीच बंद ठेवतात, मग खोली दमट होते. म्हणून पहिली जाळी त्या खिडकीला करा. धूळ बसली की जाळीतून हवा जात नाही, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाण्याने धुवा.

कामाचा क्रम जाळी, मग बाहेरचा आडोसा आणि ऑनिंग, शेवटी ब्लाइंड असा ठेवा. मृग लागायच्या आत बाहेरचं काम उरका, ओल्या भिंतीवर सीलंट धरत नाही. लिंटेलचं भोक पाडलंत की भुकटीचा रंग आणि प्लास्टरची जाडी कळवा, बोल्टची नेमकी लांबी सांगतो.